बीपी कळत नाही, मोजावं लागतं: उच्च रक्तदाब ओळखण्याची आणि रोखण्याची रीत

"मला कसलं बीपी? मला काही त्रासच होत नाही." हे वाक्य जितक्या ठामपणे म्हटलं जातं तितकाच त्याला आधार कमी असतो. उच्च रक्तदाबाला बहुतेक वेळा लक्षणच नसतं. डोकं दुखतं म्हणून बीपी असेल किंवा दुखत नाही म्हणून नसेल, हे दोन्ही अंदाज सारखेच बेभरवशाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही, आणि तो नीट आटोक्यात आहे फक्त पाचातल्या एकाचा.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा वेगळा ठेवला आहे. आहार-व्यायामाचे सल्ले नंतर येतील. आधी मोजायला शिकू, कारण आकडा चुकीचा असेल तर पुढचं सगळं अंधारात चालतं.

शरीराला पत्ता का लागत नाही

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा, सिस्टोलिक. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा, डायस्टोलिक. दोन्ही मोजतात मिलिमीटर पाऱ्यात.

हा दाब दोन गोष्टींवर ठरतो: किती रक्त फिरतंय आणि बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत. पहिल्या गोष्टीची चावी मुख्यतः मूत्रपिंडांकडे असते. शरीरात मीठ वाढलं की ते पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचं आकारमान वाढतं. निरोगी मूत्रपिंडं जादा मीठ लघवीवाटे बाहेर काढतात. काहींची मूत्रपिंडं मात्र हे काम दाब वाढल्याशिवाय करतच नाहीत, आणि मग दाब वाढलेलाच राहतो. दुसरीकडे, सतत जास्त दाब सोसणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि त्यामुळे दाब आणखी चढतो.

मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब टिपणारी केंद्रं असतात. दाब एकदम चढला तर ती लगेच तो खाली आणतात. पण दाब महिनोन् महिने वरच राहिला तर ती त्यालाच 'नेहमीचा' मानू लागतात. कुरकुर करणारंच गप्प बसल्यावर त्रास जाणवणार कुठून? औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस काहींना गळून गेल्यासारखं वाटतं त्याचंही कारण बहुधा हेच. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते.

पायरी पहिली: यंत्र आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. घेताना त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्र वैद्यकीय चाचणीत तपासलेली आहे का ते पाहा. मनगटावरची यंत्रं हाताच्या स्थितीला फार संवेदनशील असतात, आणि बिनपट्ट्याची घड्याळं निदानासाठी अजून भरवशाची नाहीत.

यंत्रापेक्षा दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पट्ट्याचं माप. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लावून दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असा काहीतरी आवाका छापलेला असतो, तुमचा घेर त्यात बसला पाहिजे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० अंकांनी जास्त आला. म्हणजे खरा दाब १२५ असणारा माणूस १४५ घेऊन घरी जाऊ शकतो, सोबत गोळ्याही. ज्यांचे दंड जाड आहेत त्यांनी दवाखान्यातही "मोठा पट्टा आहे का?" असं बेधडक विचारावं.

पायरी दुसरी: पाच मिनिटं काहीही न करणं

मोजण्याच्या अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा दहाएक अंकांनी वर जाऊ शकतो. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर सरकवून दंडाला करकोचा पडत असेल तर बाही काढाच.

मग पाच मिनिटं गप्प बसा. फोन नाही, टीव्ही नाही, "किती आलं, किती आलं" विचारणारं कुणी शेजारी नाही. यंत्र चालू असताना बोललात तरी आकडा चढतो.

हाताचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. २०२४मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचा आकडा सुमारे ४ अंकांनी आणि बाजूला लोंबकळणाऱ्या हाताने सुमारे साडेसहा अंकांनी जास्त दाखवला. गर्दीच्या दवाखान्यात किती जणांचा हात टेबलावर नीट टेकवलेला असतो ते पुढच्या खेपेला बघा.

पायरी तिसरी: सात दिवसांची वही

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. दोहोंत सतत १० ते १५ अंकांहून जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा. यापुढे ज्या हाताचा आकडा जास्त आला तोच हात वापरा.

मग सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट सोडून. सकाळचं माप उठल्यावर तासाभरात, नाश्त्याआधी, आणि गोळी चालू असेल तर ती घेण्याआधी. सगळे आकडे जसेच्या तसे लिहा. "हा जरा जास्तच वाटतो, पुन्हा घेऊ" म्हणत आवडता आकडा येईपर्यंत मोजत बसणं ही स्वतःचीच फसवणूक. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, नव्या गोष्टीच्या धास्तीने ते बहुधा जास्तच येतात. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी हा तुमचा घरचा रक्तदाब.

समजा, कुणाचा दवाखान्यात १४८/९२ आला. घरी पहिल्या सकाळी १५१/९४, मिनिटाने १४३/९०. दुसऱ्या दिवसापासून वरचा आकडा १२८ ते १३६मध्ये फिरत राहिला आणि सहा दिवसांची सरासरी आली १३१/८२. दवाखान्यातल्या आकड्यावर हा माणूस रुग्ण ठरला असता. घरच्या सरासरीवर तो उंबरठ्याच्या अलीकडे आहे, मात्र निर्धास्त राहण्याइतका दूर नाही. दवाखान्यात वाढणारा आणि घरी उतरणारा असा दाब बऱ्याच जणांचा असतो. याच्या उलटही होतं, दवाखान्यात छान आणि घरी किंवा कामावर चढलेला, आणि हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो शोधायला कुणी जातच नाही.

नाडी अनियमित असेल तर घरगुती यंत्र चकू शकतं. अशांनी डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्यावं.

आकडा वाचायचा कसा

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी नीट मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर बहुतेक देशांत त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या सरासरीसाठी हीच रेषा १३५/८५ला आहे. दोनपैकी एकच आकडा ओलांडला तरी तो मोजला जातो. वय वाढलं की धमन्या ताठर होतात, आणि खालचा नॉर्मल राहून फक्त वरचा चढतो. "खालचा बरा आहे ना, मग झालं" हा दिलासा खोटा आहे.

अमेरिकेने २०१७मध्ये ही रेषा १३०/८०वर आणली. रेषेवरून वाद होतच राहतील. धोका मात्र रेषा बघून सुरू होत नाही. सुमारे दहा लाख लोकांच्या माहितीचं २००२मध्ये प्रसिद्ध झालेलं विश्लेषण सांगतं की ४० ते ६९ वयात, ११५/७५पासून पुढे वरचा आकडा दर २० अंकांनी वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. म्हणून १२० ते १३९मध्ये असलेल्यांनी "अजून बीपी नाही" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. रोखण्याचं काम सर्वांत स्वस्तात होतं ते याच टप्प्यावर.

मिठाचा हिशोब

"वय झालं की बीपी वाढायचंच" असं आपण धरून चालतो. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचीही मोजणी होती. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. त्यांचा वरचा आकडा सरासरी शंभराच्या आत होता आणि तो वयाबरोबर चढत नव्हता. त्यांचं जगणं इतर शंभर बाबतींत वेगळं आहे हे खरं, पण वयाच्या माथी सगळा दोष मारता येत नाही एवढं यातून नक्की कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात सगळ्या खाण्यातलं मीठ आलं. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या आसपास आहे.

तुमच्या घरात किती जातं? चव बघून सांगता येणार नाही, पण मोजता येतं. मिठाचं नवं पाकीट उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशीही लिहा. एक किलो मीठ चार माणसांना ३० दिवस पुरलं तर १००० भागिले १२०, म्हणजे माणशी रोज ८.३ ग्रॅम. उकळून ओतून दिलेल्या पाण्यात थोडं वाया जातं, पाहुणे येतात, हे सगळं धरूनही अंदाज पुरेसा चांगला येतो. आणि यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठ अजून धरलेलंच नाही.

त्यासाठी पाकिटाच्या मागे बघा. तिथे बहुधा मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. पावाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि दोन स्लाइस मिळून ६० ग्रॅम भरत असतील तर ३०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाऊण ग्रॅम मीठ पोटात गेलं, तेही खारट न लागता. खाण्याचा सोडा, अजिनोमोटो, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं. सैंधव, गुलाबी, समुद्री ही नावं वेगळी असली तरी आतलं मुख्य द्रव्य तेच, सोडियम क्लोराइड. रंगाला भुलू नका.

कमी करताना एकदम निम्म्यावर येऊ नका, घरात बंड होईल. आधी टेबलावरची मिठाची डबी उचला. मग स्वयंपाकात दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करा, हाताने चिमूट न घेता चमच्याने मोजून. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचं जेवणच खारट लागू लागतं. आंबट आणि तिखटाने उणीव बरीच भरून निघते.

मिठाच्या दुसऱ्या बाजूला आहे पोटॅशियम: भाज्या, फळं, कडधान्यं. ते मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. १९९७च्या 'डॅश' या प्रयोगात मिठाचं प्रमाण आणि वजन सारखं ठेवून लोकांना आठ आठवडे भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर असलेला आहार दिला. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण ११ अंकांनी उतरला. ही घट एखाद्या गोळीच्या तोडीची आहे.

याच तत्त्वावर पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, आणि बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्या त्यात येतात, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते.

वजन, चालणं, झोप

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर वरचा आकडा साधारण एक अंकाने उतरतो, हा ढोबळ पण उपयोगी हिशोब. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. त्याला दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्या. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं धरून ठेवण्याच्या व्यायामानेही बीपी चांगलं उतरतं. मात्र श्वास रोखू नका. आकडा आधीच फार चढलेला असेल तर तो खाली येईपर्यंत जड वजनं उचलणं थांबवा.

दारू जितकी कमी तितकं बरं, आणि रोज घेणाऱ्याने ती कमी केली की फरक वहीत दिसतो. तंबाखू दर वेळी थोड्या वेळापुरता दाब चढवतो, शिवाय धमन्या बिघडवण्याचं काम वेगळं करतो.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, आठ तास झोपूनही दिवसभर पेंगणं असं असेल तर स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्या. गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीमागे हे कारण वारंवार सापडतं.

टेन्शनवर मात्र जरा जास्तच खापर फोडलं जातं असं माझं मत आहे. ताणाने आकडा तात्पुरता चढतो, आणि ताणामुळे झोप, खाणं, व्यसनं बिघडतात हेही खरं. पण "टेन्शनमुळे झालंय, ते गेलं की जाईल" म्हणत लोक वर्षं काढतात आणि तोवर मीठ, वजन, घोरणं सगळे नामानिराळे राहतात.

औषधांच्या डब्यात एकदा डोकवा

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या या सगळ्यांनी बीपी वाढू शकतं. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तरी पोटॅशियम घटून दाब चढतो. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक आणि बीपीसाठी रोज गोळी अशी रस्सीखेच अनेक घरांत चालू असते आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नसते. जे जे घेता त्याची एकच यादी करा, काढ्या-चूर्णांसकट.

डॉक्टरांकडे

सात दिवसांची वही आणि ही यादी घेऊन जा. वर्षातून एकदा यंत्रही न्या आणि तिथल्या यंत्राशी ताडून बघा. निदान पक्कं झालं तर लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), रक्तातलं क्रिअॅटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी या तपासण्या होतात. वय चाळिशीच्या आत, पोटॅशियम कमी, किंवा तीन-तीन गोळ्यांनीही न उतरणारा दाब असेल तर मूत्रपिंडाच्या धमनीतला अडथळा किंवा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून जास्त पाझरणारं अल्डोस्टेरोन हे संप्रेरक यांसारखं मूळ कारण शोधणं गरजेचं असतं. ते सापडलं तर त्यावर वेगळा इलाज आहे.

गोळीची भीती मोठी. "एकदा लागली की सुटत नाही." १९४४च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १८६/१०८ भरलं होतं. जगातली उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी होती, पण दाब उतरवणारी धड गोळीच नव्हती. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी नोंदलेला आकडा होता ३००/१९०. सहज घेता येणारी, परिणामकारक गोळी आली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस. आज त्या डझनावारी आहेत.

गोळी घेत असताना आकडा नॉर्मल येतो म्हणून ती बंद करणारे बरेच असतात. तो नॉर्मल आला आहे गोळीमुळेच. वजन आणि मीठ खरोखर उतरलं तर मात्रा कमी होऊ शकते, पण ते वही दाखवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. काही गोळ्या अचानक तोडल्या तर दाब उसळी मारतो. काहींनी कोरडा खोकला येतो, अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. हे सोसत बसू नका आणि स्वतः थांबवूही नका, पर्याय आहेत. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा, कारण काही गोळ्या गर्भाला घातक असतात. वयस्करांनी उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही मोजावं. वरचा आकडा २० किंवा जास्त अंकांनी पडत असेल तर तोल जाऊन पडण्याची भीती असते, आणि ते डॉक्टरांना कळायला हवं.

आकडा १८०/१२०च्या वर गेला तर

घाबरून लागोपाठ दहा वेळा मोजू नका. पाच मिनिटं शांत बसा आणि पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड किंवा हात-पाय एका बाजूने लुळे पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, गोंधळल्यासारखं होणं यांतलं काहीही असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ही लक्षणं दिसली तर मोजत बसण्याचीही गरज नाही. गरोदर बाईचा आकडा १४०/९०ला गेला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि १६०/११०ला पोहोचला किंवा डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं असं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा.

लक्षण काहीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजाऱ्याची गोळी घेणं, स्वतःच्या दोन जास्त घेणं, जिभेखाली काहीतरी ठेवून आकडा झपाट्याने पाडणं, यातलं काही करू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. लक्षणं नसताना तो तासाभरात खाली आणायची घाई नसते, तो हळूहळूच उतरवायचा असतो.